पुढे पाठवण्याआधी विचारा, काढून टाकलं तर घाबरू नका

दिवाळी अंक बाजारात येतो आणि आठवड्याभरात त्याची पीडीएफ तुमच्या मोबाइलवर येऊन पडते. पाठवणारा परका नसतो. मावसभाऊ असतो, सोसायटीतले काका असतात, शाळेतली जुनी मैत्रीण असते. खाली लिहिलेलं असतं, 'वाचनप्रेमींसाठी. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.' तुम्हीही पाठवता. मनात वाईट काही नसतं. चांगलं वाचायला मिळालं, ते चार जणांना मिळावं, इतकंच.

मग एक दिवस उलटं घडतं. तुमच्या भजनी मंडळाचा व्हिडिओ यूट्यूबवरून गायब होतो. फेसबुकवर टाकलेल्या हळदीच्या व्हिडिओचा आवाज बंद होतो. इंग्रजीत एक निरोप येतो आणि त्यात 'कॉपीराइट' हा शब्द असतो. पोटात गोळा येतो. पोलिस घरी येतील का? दंड भरावा लागेल का?

किंवा तिसरंच काही घडतं. तुम्ही आईवर लिहिलेली कविता फिरत फिरत तुमच्याकडेच येते. खाली नाव भलत्याचंच.

पाठवणारे तुम्हीच, ज्यांचं काढलं गेलं तेही तुम्हीच, आणि ज्यांचं कोणी उचललं तेही तुम्हीच. म्हणून तिन्ही वेळी एकच माप लावा. हे कोणाचं आहे, आणि त्याला हे चालेल का? एवढं विचारायची सवय लागली की बरीचशी भांडणं उभीच राहत नाहीत. जी राहतात, ती कशी निस्तरायची ते पुढे सांगायचं आहे.

आधी हक्काची गोष्ट समजून घ्या

आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. तुम्ही काही लिहिलं, चित्र काढलं, फोटो काढला, की त्यावर हक्क तयार होतो. अर्ज लागत नाही, शिक्का लागत नाही. 'कुठे लिहिलंय यावर कॉपीराइट आहे म्हणून?' असं लोक विचारतात. लिहिलेलं नसलं तरी हक्क असतोच.

हा हक्क लेखकाच्या हयातीत राहतो आणि निधनानंतर आणखी ६० वर्षं टिकतो. मोजायची रीत सोपी आहे. निधनाचं वर्ष घ्या, त्यात ६० मिळवा. ते वर्ष संपलं की पुढच्या १ जानेवारीपासून ते लेखन सगळ्यांचं.

साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं झालं. बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांचं २०१७ पासून. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ संपेपर्यंत आहे. ग. दि. माडगूळकरांचा २०३७ पर्यंत, कुसुमाग्रजांचा २०५९ पर्यंत, पु. ल. देशपांड्यांचा २०६० पर्यंत. म्हणजे ग्रुपवर सर्वात जास्त फिरतं ते बहुतेक लेखन अजून कोणाच्या तरी मालकीचं आहे.

लेखक गेल्यावर छापलेल्या पुस्तकाचा हिशेब थोडा वेगळा. तिथे ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचं पुस्तक १९५२ मध्ये आलं. तो हक्क २०१२ अखेर संपला. ती गाणी तुम्ही मोकळ्या मनाने द्या, मात्र त्यांच्या नावानिशी द्या.

एक खबरदारी घ्या. मूळ ग्रंथ जुना असला तरी त्यावरचं नवं काम नवंच असतं. ज्ञानेश्वरी सगळ्यांची आहे. पण आजच्या एखाद्या अभ्यासकाने तिच्यावर लिहिलेलं विवरण त्या अभ्यासकाचं आहे. अनुवाद, प्रस्तावना, मुखपृष्ठ, आतली चित्रं, या सगळ्यांचा हक्क वेगळा.

गाण्यात हक्क एकाचा नसतो

भजनी मंडळांची सर्वात मोठी तक्रार इथलीच. 'अभंग तुकोबांचा. त्यावर कंपनीचा हक्क कसला?'

तुमचं म्हणणं बरोबर आहे. शब्द तुकोबांचे आहेत आणि ते सगळ्यांचे आहेत. पण गाण्यात शब्द असतात, चाल असते आणि ध्वनिमुद्रण असतं. तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. चाल अलीकडच्या संगीतकाराची असेल तर ती त्याची, किंवा त्याने ज्या कंपनीला दिली तिची. भीमसेन जोशींच्या आवाजातली ध्वनिमुद्रिका व्हिडिओमागे लावली तर ते मुद्रण काढणाऱ्या कंपनीचं. ध्वनिमुद्रणावरचा हक्कही प्रकाशनापासून ६० वर्षं चालतो.

म्हणून मंडळाला सांगा. अभंग स्वतः म्हणा. पारंपरिक चालीत म्हणा. पेटी-मृदंग तुमचेच वाजू द्या. तयार गाणं मागे लावू नका. साधं पार्श्वसंगीत हवं असेल तर यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत विनामूल्य वापरायचं संगीत मिळतं. ते घ्या आणि त्याच्याखाली लिहिलेली अट वाचा.

आणखी एक गैरसमज आहे. लग्नात किंवा पूजेत गाणं वाजवायला आपला कायदा मोकळीक देतो, हे खरं. वरातीतलं वाजवणंही त्यात येतं. पण ती सवलत त्या प्रसंगापुरती. त्याच गाण्यासकट व्हिडिओ सगळ्या जगासाठी टाकला की प्रश्न बदलतो. यूट्यूब-फेसबुकवरचं यंत्र गाणं ओळखतं. ते हळदीचं आहे की हॉटेलातलं, हे त्याला कळत नाही. घरच्यांना दाखवायचा असेल तर व्हिडिओ घरच्यांनाच पाठवा.

पुढे पाठवताना एवढं पाळा

पहिली गोष्ट, नाव कापू नका. कवितेखालचं नाव, लेखाखालचं नाव जसंच्या तसं जाऊ द्या. लेखक म्हणून आपलं नाव लागावं आणि आपलं लेखन कोणी विद्रूप करू नये, हा हक्क कायद्याने लेखकाला वेगळा दिला आहे. लेखकाने पुस्तकाचे हक्क प्रकाशकाला विकले तरी हा त्याच्याकडेच राहतो.

दुसरी गोष्ट, नाव माहीत नसेल तर शोधा. नाहीच सापडलं तर मोठ्या लेखकाचं नाव चिकटवू नका. कुसुमाग्रजांनी कधी लिहिल्या नाहीत अशा कविता त्यांच्या नावावर खपतात. त्यात कुसुमाग्रजांचाही अपमान आणि ज्याने खरंच लिहिलं त्याचंही नुकसान.

तिसरी गोष्ट, 'साभार' लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. 'व्हॉट्सॲपवरून साभार' म्हणजे तर कोणाचेच आभार नाहीत. देवाच्या पूजेला फुलं हवी असली तरी शेजारच्या अंगणातली तोडण्याआधी आपण हाक मारून विचारतोच. इथेही तसंच विचारा. लेखकाला दोन ओळींचा निरोप धाडा. बहुतेक लेखक आनंदाने हो म्हणतात.

चौथी गोष्ट, लेख लेखकाच्या किंवा वृत्तपत्राच्या पानावर मोफत असेल तर लिंक पाठवा. सगळा मजकूर उचलून चिकटवू नका. लिंकवर गेलेला वाचक त्यांच्या दारात जातो. तुम्हालाही चुकीचा बदललेला मजकूर पाठवल्याचा दोष लागत नाही.

पाचवी गोष्ट, थोडकं घ्या. पुस्तकाबद्दल लिहिताना त्यातल्या चार ओळी देणं, टीका करताना उतारा देणं, बातमी सांगताना संदर्भ देणं, याला कायद्याच्या कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. छापील पुस्तकातला बेताचा उतारा चारचौघांत वाचून दाखवायलाही आहे. तुमच्या बोलण्याला आधार म्हणून दुसऱ्याचं थोडं घेतलं तर चालतं. त्याचं सगळं घेऊन वर 'छान आहे' एवढंच लिहिलं तर चालत नाही.

सहावी गोष्ट, अख्खं पुस्तक, अख्खा दिवाळी अंक, वृत्तपत्राची अख्खी पीडीएफ पाठवू नका. आली तर पुढे ढकलू नका.

सातवी गोष्ट अभिवाचन करणाऱ्यांसाठी. तुमचा आवाज गोड आहे, उच्चार स्वच्छ आहेत, ऐकणारे वाट बघतात. तरी सबंध कथा वाचून यूट्यूबवर टाकायची तर लेखकाची किंवा वारसांची परवानगी लागते. ती लेखी घ्या. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरचा निरोपही जपून ठेवा. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तक बोलकं करायला कायद्यात वेगळी सवलत आहे. पण ते त्यांच्यापर्यंतच पोचवा, सगळ्यांसाठी उघडं टाकू नका.

'मोफत मिळतंय तर बिघडलं काय?'

बिघडतं कोणाचं, ते बघा.

मराठी दिवाळी अंकाची परंपरा १९०९ पासूनची. का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. आजही बरेच अंक एकदोन माणसं घरातून काढतात. उन्हाळा संपता संपता लेखकांना पत्रं जातात. मग जाहिराती गोळा करायच्या, चित्रकाराला गाठायचं, मुद्रितं तपासायची, कागदाचे पैसे आधी भरायचे. विक्री मात्र जेमतेम काही आठवड्यांची. त्या आठवड्यांत पीडीएफ फिरली की दुकानातले गठ्ठे परत येतात. परत आलेला अंक पुढच्या वर्षी कोणी घेत नाही. मग लेखकाचं मानधन थांबतं. दोन वर्षं असं झालं की अंकच थांबतो. पीडीएफ पाठवणाऱ्याला हे कधी दिसत नाही.

पैशाची अडचण खरी असते, हेही मान्य. त्याला वाटा आहेत. गावोगावच्या वाचनालयात दिवाळी अंक योजना असते. थोडी वर्गणी भरा, महिनोन्महिने पाळीपाळीने अंक घरी न्या. चार घरं मिळून चार वेगळे अंक घ्या आणि आपसात बदला. विकत घेतलेली प्रत वाचायला देण्यात काहीच गैर नाही.

मोफत आणि हक्काचंही पुष्कळ आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तिच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मिळतात. मराठी विश्वकोश इंटरनेटवर खुला आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं उतरवून घेता येतात. मराठी विकिस्रोतावर हक्क संपलेले ग्रंथ आहेत. ग्रुपवर पाठवायचंच तर यांच्या लिंका पाठवा.

आता कायद्याचं. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी तरतूद आहे. धंद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. पण हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं.

'टेलिग्रामवर नाव दिसत नाही, कोण पकडणार?' असं समजू नका. एका हिंदी दैनिकाच्या पीडीएफ वाटल्या जात होत्या. तेव्हा २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला त्या वाटणारी चॅनेल काढायला आणि चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं. एका शिक्षिकेची स्पर्धापरीक्षांची पुस्तकं अशीच वाटली गेली, तेव्हा २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा माहिती मागितली. टेलिग्रामने ती दिली.

एका फॉरवर्डसाठी पोलिस दारात उभे राहतात, असं मात्र नाही. घाबरून वाचन सोडू नका. फक्त रोजच्या रोज पीडीएफ वाटणारा ग्रुप चालवण्याचा हौशी उद्योग सोडा.

तुम्ही ग्रुपचे ॲडमिन असाल तर

सभासदाने टाकलेल्या प्रत्येक गोष्टीचा गुन्हा ॲडमिनवर येतो, ही भीती पसरली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की केवळ ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या आक्षेपार्ह निरोपासाठी त्याला दोषी धरता येत नाही. त्याचाही तसा इरादा असल्याचं दिसलं पाहिजे. तो खटला कॉपीराइटचा नव्हता. पण त्यातून घ्यायचं ते उघड आहे. तुम्ही अशा वाटपात सामील होऊ नका आणि उत्तेजन देऊ नका.

ग्रुपच्या माहितीत दोन ओळी लिहून ठेवा. 'लेखकाचं नाव कापलेला मजकूर टाकू नये. पुस्तकांच्या आणि अंकांच्या पीडीएफ टाकू नयेत.' सणावाराला एकदा पुन्हा आठवण करा.

कोणी तरीही टाकलं तर ॲडमिनला तो निरोप सगळ्यांसाठी पुसता येतो. लवकर पुसा. मग त्या माणसाला खासगीत कळवा. चारचौघांत झापू नका. 'काका, अंकाची पीडीएफ होती म्हणून काढली. तुमच्यावर राग नाही,' एवढं पुरतं. कारण न सांगता काढलेल्या निरोपाने माणूस दुखावतो. कारण सांगितलं की तोच माणूस पुढच्या वेळी दुसऱ्याला थांबवतो.

नियम सगळ्यांना सारखा ठेवा. मित्राची पीडीएफ राहते आणि न पटणाऱ्याची जाते, असं झालं की ग्रुप फुटतो. आपल्याला पटत नाही म्हणून कोणाचं मत पुसू नका. शिवीगाळ, बदनामी, कोणाचे खासगी फोटो, एवढं मात्र वाट न बघता काढा.

तुमचं काही काढलं गेलं तर

आधी थांबा. निरोप खरा आहे का, ते बघा.

'तुमच्या पेजने कॉपीराइट मोडला आहे. २४ तासांत या लिंकवर माहिती भरा, नाहीतर पेज बंद,' असे खोटे निरोप सर्रास येतात. भामट्यांना तुमचा पासवर्ड हवा असतो. त्या लिंकवर बोट ठेवू नका. ओटीपी कोणालाही देऊ नका. स्वतः ॲप उघडा आणि आपल्या खात्यात सूचना आहे का, ते तपासा. तिथे नसेल तर निरोप खोटा. फसलात आणि पैसे गेले, तर लाजत बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

सूचना खरी असेल तर ती पूर्ण वाचा. इंग्रजी अडत असेल तर मुलीला, भाच्याला, शेजारच्या शिक्षकांना वाचायला सांगा. तीन गोष्टी वहीत उतरवा. काय काढलं, कोणाच्या तक्रारीवरून काढलं, आणि उत्तर द्यायची मुदत किती. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

यूट्यूबवर दोन वेगळ्या गोष्टी घडतात. लोक त्या एकच समजतात आणि उगाच झोप घालवतात.

एक म्हणजे क्लेम. यंत्राने तुमच्या व्हिडिओत कोणाचं तरी गाणं ओळखलं. बहुधा व्हिडिओ राहतो, त्यावरच्या जाहिरातींचे पैसे गाण्याच्या मालकाला जातात. काही वेळा तो दिसेनासाही होतो. पण क्लेममुळे चॅनेलवर ठपका येत नाही. गाणं खरंच दुसऱ्याचं असेल तर तेवढा तुकडा कापा किंवा बदला, आणि विषय संपवा. तुम्ही पारंपरिक चालीत स्वतः म्हटलेलं असेल तर तिथेच हरकत नोंदवा. दावा करणाऱ्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

दुसरी म्हणजे स्ट्राइक. इथे मालकाने रीतसर कायदेशीर मागणी केलेली असते आणि व्हिडिओ काढलेला असतो. ९० दिवसांत असे तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं, सगळे व्हिडिओ जाऊ शकतात. हे हलक्यात घेऊ नका. व्हिडिओ तुम्ही स्वतः पुसला तरी स्ट्राइक जात नाही. यूट्यूबने दिलेला छोटा धडा पुरा करा. चूक तुमची असेल तर तक्रारदाराला नम्रपणे लिहा आणि तक्रार मागे घ्यायची विनंती करा. पुष्कळदा ते ऐकतात.

तक्रार चुकीची आहे अशी खात्री असेल, तरच यूट्यूबकडे प्रतिसूचना, म्हणजे तक्रारीला रीतसर उत्तर, द्या. ती कायदेशीर गोष्ट आहे. त्यात तुमचं नाव-पत्ता तक्रारदाराला कळतो. खोटं लिहिलं तर अंगाशी येतं. प्रतिसूचना गेल्यावर तक्रारदाराने कामाच्या दहा दिवसांत न्यायालयात गेल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येऊ शकतो.

काढलेलं सगळंच कॉपीराइटमुळे काढलेलं नसतं. फेसबुक, इन्स्टाग्राम यांचे स्वतःचे नियम असतात. तपासणी बरीचशी यंत्र करतं आणि यंत्र चुकतं. अशा वेळी तोच मजकूर रागाने पुन्हा टाकू नका. नवं खातं उघडून टाकू नका. त्याने तुमचीच बाजू लंगडी पडते. 'पुन्हा तपासा' अशी विनंती करायची सोय तिथेच असते, ती वापरा. दोन वाक्यांत मुद्दा मांडा. कोणाला नावं ठेवू नका.

तरी दाद लागली नाही तर आपल्या देशात वरची पायरी आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे या कंपन्यांना भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव आणि संपर्क त्यांच्या संकेतस्थळावर असतो. त्याच्या निर्णयाने समाधान झालं नाही, तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे घरबसल्या अपील करता येतं.

कोणी कॉपीराइटची खोटी धमकी देऊन पैसे मागत असेल, तर घाबरून देऊ नका. निराधार धमकीविरुद्ध न्यायालयात दाद मागायची सोय याच कायद्यात, कलम ६० मध्ये आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. क्रमांक १५१००. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

आणि एक सवय लावून घ्या. मंडळाचे, घरचे, गावच्या जत्रेचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर किंवा संगणकावर जपून ठेवा. दुसऱ्याच्या जागेत ठेवलेली एकुलती एक प्रत कधीही जाऊ शकते.

तुमचं लेखन कोणी उचललं तर

राग येणारच. तरी पहिला निरोप साधा पाठवा. 'ही कविता माझी आहे. अमुक तारखेला मी ती अमुक ठिकाणी टाकली होती. कृपया माझं नाव घाला किंवा काढून टाका.' निम्मी प्रकरणं इथेच मिटावीत. समोरच्यालाही ती नावाशिवायच आलेली असते.

पुरावा आधी गोळा करा. जुनी वही, पहिल्या पोस्टची तारीख, छापून आली असेल तर तो अंक. समोरच्या पोस्टचा फोटो आणि लिंकही घ्या, कारण निरोप मिळताच ती पुसली जाऊ शकते. लेखन महत्त्वाचं असेल तर दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करता येते. साहित्यकृतीचं शुल्क ५०० रुपये आहे. नोंदणीची सक्ती नाही, पण पुरावा म्हणून ती उपयोगी पडते.

निरोपाने काम झालं नाही तर त्या ॲपवरचा कॉपीराइट तक्रारीचा अर्ज भरा. तो बहुधा सोपा असतो. भारतीय नियमांप्रमाणे लेखी तक्रारही देता येते. त्यात लिहा, रचना कोणती, ती तुमची कशी, चोरलेली प्रत नेमकी कुठे आहे, आणि ती कायद्याच्या सवलतीत का बसत नाही. अशी तक्रार पटली तर ३६ तासांत तो मजकूर अडवावा लागतो. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणण्याची हमी तुम्हाला द्यावी लागते. आदेश आला नाही तर तो मजकूर पुन्हा दिसू शकतो. म्हणून ही पायरी विचार करून चढा.

हे हत्यार फक्त आपल्या हक्कासाठी वापरा. कोणी तुमच्या पुस्तकावर कडक टीका केली आणि त्यात चार ओळी उद्धृत केल्या, तर ती चोरी नव्हे. टीका बंद करायला कॉपीराइटची तक्रार करू नका. 'सगळ्यांनी मिळून याला रिपोर्ट मारा' असा निरोप आला तर त्यात सामील होऊ नका. आज तुम्ही दहा जणांनी एकाचं तोंड बंद केलं, तर उद्या पन्नास जण तुमचं करतील.

आजच्या आज एवढं करा

तुमच्या मोबाइलमध्ये फिरतीवर आलेल्या पुस्तकांच्या आणि अंकांच्या पीडीएफ असतील. त्या पुढे पाठवणं आजपासून बंद करा. त्यातला एक लेखक निवडा, ज्याचं लेखन तुम्हाला खरंच आवडलं. त्याचं एक पुस्तक या महिन्यात विकत घ्या किंवा वाचनालयातून आणा.

तुमच्या ग्रुपवर नाव नसलेली कविता आली तर विचारा, 'कवी कोण?' भांडण्याच्या सुरात विचारू नका, माहिती हवी म्हणून विचारा. एकाने विचारलं की दुसराही विचारू लागतो. पाठवणारा पुढच्या वेळी नाव शोधूनच पाठवतो.

आणि घरात लिहिणारं कोणी असेल, मूल असो की आजी, तर त्यांच्या लेखनाखाली नाव आणि तारीख घालायला आजच शिकवा.